हेडरमध्ये न लिहिलेले : बाइंडिंगसाठी मेटाडेटा तयार करणाऱ्या पार्सरविषयी वाचकांचे प्रश्न

सी भाषेत लिहिलेली लायब्ररी पायथन, जावास्क्रिप्ट किंवा रस्टमधून वापरायची, तर दोन भाषांना जोडणारा दुवा, म्हणजे बाइंडिंग, लागते, आणि त्यासाठी तिच्यातील प्रत्येक फंक्शनचे, प्रकाराचे आणि स्थिरांकाचे वर्णन, म्हणजे मेटाडेटा, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात कोणीतरी तयार करावे लागते. हे काम करणारा पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्या किंवा त्याच्यावर विसंबून असणाऱ्या वाचकांची पाच पत्रे या वेळी घेतली आहेत. बहुतेक उदाहरणे जीऑब्जेक्ट (सी भाषेत क्लास आणि वस्तू आणणारी लायब्ररी) इंट्रोस्पेक्शनच्या पद्धतीची आहेत, कारण हा सगळा प्रवास तिच्यात स्पष्ट दिसतो. तिचा स्कॅनर सी हेडर (लायब्ररीतील घोषणांच्या फाइली) आणि कमेंट वाचून जीआयआर नावाची एक्सएमएल फाइल लिहितो, कंपायलर तिची आटोपशीर बायनरी टायपलिब बनवतो, आणि बाइंडिंग ती टायपलिब वाचून लिबएफएफआयच्या (रनटाइमला सी फंक्शन बोलावून देणाऱ्या लायब्ररीच्या) मदतीने थेट लायब्ररीतील फंक्शन बोलावते.

प्रश्न : आमच्या प्रकल्पाचे मूळ मेन्टेनर दुसऱ्या कामाला लागल्यावर सी हेडर वाचून मेटाडेटा काढणारा पार्सर माझ्याकडे आला. तो फ्लेक्स आणि बायसन ही नियमांवरून पार्सर बनवणारी साधने वापरून लिहिलेला आहे. कंपायलरची नवी आवृत्ती आली की तो कुठल्यातरी सिस्टिम हेडरवर अडतो, मी व्याकरणात एक नियम वाढवतो, आणि पुढच्या आवृत्तीला पुन्हा तेच होते. अलीकडे तर आमच्या कोडमध्ये एका ओळीचाही बदल नसताना तो ‘बूल’ या शब्दावर अडला. हा पार्सर टाकून देऊन लिबक्लँगवर (क्लँग कंपायलरचा पार्सर वापरू देणाऱ्या लायब्ररीवर) नव्याने लिहावा का?

उत्तर : आधी ‘बूल’चे पाहू, कारण तुमच्या दुखण्याचे मूळ त्यातच आहे. सी९९ पासून सी भाषेतला खरा कीवर्ड अधोरेषेने सुरू होणारा ‘_बूल’ हा होता, आणि साधा ‘बूल’ हा स्टडबूल हेडरमधला एक मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्यापूर्वी दुसऱ्या मजकुराने बदलले जाणारे नाव, होता. तुमचा पार्सर प्रीप्रोसेसरमधून, म्हणजे हे बदल करणाऱ्या पायरीतून, बाहेर पडलेला मजकूर वाचतो. म्हणजे हेडर लिहिणाऱ्याने ‘बूल’ लिहिले तरी पार्सरपर्यंत ‘_बूल’च पोहोचत होते आणि ‘बूल’ हा शब्द त्याच्या कधी नजरेलाच पडला नव्हता. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी२३ प्रमाणात बूल, ट्रू आणि फॉल्स हे स्वतः कीवर्ड झाले व तो मॅक्रो गेला. २०२५ साली आलेल्या जीसीसी १५ या कंपायलरने, कोणतेही प्रमाण सांगितले नसेल तर सी२३ ची जीएनयू बोली गृहीत धरायला सुरुवात केली. तुमचा कोड होता तिथेच राहिला. तुमच्यापर्यंत येणारा मजकूर मात्र बदलला. प्रीप्रोसेसरच्या मागे बसलेल्या प्रत्येक पार्सरची हीच अवस्था असते, आणि ती एकदा मान्य केली की देखभालीची दिशा सापडते.

एका शब्दामुळे पुढचे सगळेच का कोलमडते, हेही समजून घेण्यासारखे आहे. ‘टी * एक्स;’ ही ओळ घ्या. टी हे एखाद्या प्रकाराचे नाव असेल तर ही एक्स नावाच्या पॉइंटरची घोषणा आहे, आणि टी हे चल असेल तर हा गुणाकार आहे. कोणता अर्थ घ्यायचा हे व्याकरण एकट्याने ठरवू शकत नाही. म्हणून आतापर्यंत भेटलेल्या टाइपडेफ (प्रकाराला नाव देणारी घोषणा) नावांची यादी लेक्सरला, म्हणजे मजकुराचे शब्द, म्हणजे टोकन, वेगळे करणाऱ्या भागाला, जवळ बाळगावी लागते आणि प्रत्येक नाव त्या यादीत आहे का हे पाहून मगच टोकन ठरवावे लागते. सिस्टिम हेडरमधली एक टाइपडेफ ओळ पार्सरला समजली नाही, तर ते नाव यादीत जात नाही, आणि दोन हजार ओळींनंतर तुमच्या स्वतःच्या हेडरमध्ये, जिथे काहीच चुकलेले नाही तिथे, व्याकरणदोषाची सूचना येते. ज्या ओळीवर सूचना आली तिथे शोधत बसण्यात वेळ जातो. माझा शिरस्ता असा आहे, की सूचनेच्या ओळीतील प्रत्येक प्रकाराचे नाव मागे नेत त्याच्या मूळ टाइपडेफपर्यंत जायचे. दोष बहुधा तिथेच सापडतो.

उपाय दोन पातळ्यांवर करावा. तातडीचा उपाय म्हणजे प्रीप्रोसेसर चालवताना, लायब्ररी ज्या प्रमाणानुसार कंपाइल होते तेच प्रमाण उघडपणे सांगणे. कंपायलरच्या मर्जीवर ते सोडू नये. ‘बूल’, ‘नलपीटीआर’, ‘कॉन्स्टएक्सपीआर’, ‘टाइपऑफ’ आणि दुहेरी चौकटी कंसातील अ‍ॅट्रिब्यूट मात्र आज ना उद्या शिकवावेच लागतील, कारण वापरणाऱ्यांची हेडर सी२३ कडे जाणारच आहेत. टिकाऊ उपाय वेगळा आहे. सिस्टिम हेडरमधून तुम्हाला फक्त प्रकारांची नावे हवी असतात. तिथल्या इनलाइन फंक्शनच्या पोटात काय लिहिले आहे याच्याशी तुम्हाला देणेघेणे नसते. प्रीप्रोसेसर सोडत असलेल्या ओळखुणांमधून प्रत्येक ओळ कोणत्या फाइलमधली आहे ते कळते. त्या आधारे, परक्या फाइलमध्ये न समजणारे काही आले तर जुळणाऱ्या महिरपी कंसापर्यंत किंवा अर्धविरामापर्यंत सरळ पुढे सरकायचे, टाइपडेफ असेल तर निदान त्याचे नाव नोंदवून ठेवायचे, आणि काम थांबवायचे नाही. तुमच्या स्वतःच्या हेडरमध्ये मात्र अशी सवलत अजिबात देऊ नये. तिथे न समजलेली ओळ म्हणजे मेटाडेटातून गळालेले फंक्शन.

आता लिबक्लँग. खरा कंपायलर हाताशी असताना सी भाषेचे दुसरे व्याकरण का सांभाळायचे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. रस्टचे बाइंडिंग बनवणारे बाइंडजेन लिबक्लँगवरच उभे आहे, आणि जीसीसीनेही २००६ साली ४.१ आवृत्तीत बायसनवरचा आपला सी पार्सर सोडून हाताने लिहिलेला पार्सर घेतला. दुसऱ्या बाजूला स्विग या बाइंडिंग बनवणाऱ्या साधनाने १९९० च्या दशकापासून सी आणि सी++ साठी स्वतःचाच पार्सर बाळगला आहे आणि त्याचा वापर अजून चालू आहे. तेव्हा दोन्ही वाटा चालून झालेल्या आहेत. नव्याने लिहिताना काय हरवते ते मात्र आधी मोजावे, आणि जे हरवते ते व्याकरणात लिहिलेले नसते. एक उदाहरण देतो. जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शनच्या स्कॅनरमध्ये एखाद्या इनमच्या (नावे दिलेल्या पूर्णांकांच्या संचाच्या) किमती डावीकडे सरकवण्याच्या चिन्हाने, म्हणजे ‘१ << ३’ अशा रीतीने, लिहिल्या असतील तर तो इनम एकमेकांत मिसळता येणाऱ्या फ्लॅगचा संच मानला जातो. लिबक्लँग तुमच्या हातात तयार आठ हा आकडा ठेवते. त्यामागची अभिव्यक्ती स्वतः चालून पाहिली तर ते चिन्ह तिथेही मिळते, पण ते शोधायचे आहे हेच नव्याने लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, आणि पायथनमध्ये फ्लॅग म्हणून वापरात असलेला प्रकार एका रात्रीत साधा इनम होतो. हेडरमधले मॅक्रो स्थिरांक आणि कमेंटमधली अ‍ॅनोटेशन (पार्सरसाठी लिहिलेल्या सूचना) यांचीही हीच गत : कंपायलरला त्यांची गरज नसते, तुम्हाला ती असते.

म्हणून माझा सल्ला असा आहे, की निर्णय घेण्यापूर्वी दहाबारा खऱ्या लायब्ररी निवडाव्यात. त्यांत एक तरी जुनी आणि वेडीवाकडी हेडर असलेली असावी. आजच्या पार्सरने त्यांच्यासाठी काढलेला मेटाडेटा जपून ठेवावा आणि पार्सरमधल्या प्रत्येक बदलानंतर तो पुन्हा काढून जुन्याशी ताडून पाहावा. ओळींची जागा बदलली म्हणून फरक दिसू नये यासाठी नोंदी नावानुसार लावून मगच तुलना करावी. हा संच हाती आला की लिबक्लँगवर जाणे हे आठवडाभर करून पाहण्याजोगे काम ठरते, कारण काय हरवले ते तुलनाच सांगते. हा संच नसताना पुनर्लेखन करू नये, असे मी ठामपणे सांगेन.

प्रश्न : मी पायथनमधून एक सी लायब्ररी वापरतो. एका वस्तूचे नाव विचारणारे फंक्शन बोलावले की नाव बरोबर मिळते, पण प्रोग्रॅम बंद होताना कोसळतो. लायब्ररीचे लोक म्हणतात की सीमधून सर्व ठीक चालते. बाइंडिंगचे लोक म्हणतात की मेटाडेटात जे लिहिले आहे तेच आम्ही करतो. मग चूक कोणाची?

उत्तर : दोघेही खरे बोलत आहेत, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे टिकतो. तुमचे फंक्शन हेडरमध्ये कसे जाहीर केले आहे ते पाहा. ते कॅर पॉइंटर परत करत असेल आणि त्यापुढे ‘कॉन्स्ट’ नसेल, तर माझा अंदाज पक्का होईल.

घडते ते असे. सी भाषेतल्या घोषणेत पत्ता कोणत्या प्रकाराचा आहे एवढेच लिहिलेले असते; त्या पत्त्यावरची मेमरी कोणी मोकळी करायची, हे कुठेच लिहिलेले नसते. पार्सरला काहीतरी ठरवणे भाग असते, म्हणून तो एक रूढ नियम वापरतो : परत आलेल्या अक्षरमालेला ‘कॉन्स्ट’ असेल तर ती लायब्ररीची आणि तिला हात लावू नये; ‘कॉन्स्ट’ नसेल तर मालकी बोलावणाऱ्याकडे आली, वापर झाल्यावर त्याने ती मोकळी करावी. बहुतेक लायब्ररी हा संकेत पाळतात, म्हणून नियम चालतो. तुमच्या लायब्ररीने मात्र वस्तूच्या आत साठवलेल्या नावाचाच पत्ता ‘कॉन्स्ट’शिवाय बाहेर दिला. मेटाडेटात ‘ट्रान्सफर फुल’ अशी नोंद झाली. बाइंडिंगने ती वाचली, अक्षरांची प्रत काढून पायथनची स्ट्रिंग बनवली आणि नोंदीनुसार मूळ मेमरी मोकळी केली. या क्षणी तुम्हाला दिसले ते अचूक नाव. वस्तूच्या पोटात मात्र आता मोकळ्या झालेल्या मेमरीचा पत्ता उरला आहे, आणि प्रोग्रॅम संपताना वस्तू स्वतःला आवरू लागली की तीच मेमरी दुसऱ्यांदा मोकळी केली जाते. कोसळणे तिथे दिसते. ते नाव वीस मिनिटांपूर्वी विचारले होते, याचा मागमूसही त्या ठिकाणी राहत नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे : फंक्शनच्या वरच्या कमेंटमध्ये, परतीच्या मूल्याच्या वर्णनात ‘ट्रान्सफर नन’ हे अ‍ॅनोटेशन लिहायचे. हेडरमध्ये ‘कॉन्स्ट’ घालणे अधिक प्रामाणिक ठरले असते, पण प्रसिद्ध झालेल्या हेडरमध्ये ते घातले की जुन्या सी कोडमध्ये कंपायलरच्या सूचना येऊ लागतात. म्हणून अ‍ॅनोटेशनची वाट बरी. तुम्ही स्वतः करण्यासारखे काम म्हणजे जीआयआर फाइल उघडून त्या फंक्शनची नोंद शोधणे आणि तेवढ्या चार ओळी लायब्ररीच्या लोकांकडे पाठवणे. ‘प्रोग्रॅम कोसळतो’ या तक्रारीपेक्षा ‘इथे फुल लिहिले आहे, कोडमध्ये आतलाच पॉइंटर परत होतो’ ही तक्रार फार लवकर सुटते.

पार्सर सांभाळणाऱ्यांसाठीही इथे थोडे लिहितो. अक्षरमालेच्या बाबतीत निदान ‘कॉन्स्ट’चा आधार असतो. ‘इंट पॉइंटर’ हे आर्ग्युमेंट घ्या. फंक्शन त्यात उत्तर लिहून देणार असेल, आधीची किंमत वाचून ती बदलणार असेल, किंवा तो पूर्णांकांच्या रांगेचा पहिला पत्ता असेल आणि रांगेची लांबी पुढच्या आर्ग्युमेंटमध्ये असेल. हेडरमध्ये तिन्ही गोष्टी अक्षरशः सारख्याच दिसतात. कॉलबॅकचे त्याहून अवघड आहे : तो कॉल चालू असेपर्यंतच जिवंत हवा, एकदा बोलावला जाईपर्यंत हवा, की मोकळा करण्याची सूचना येईपर्यंत हवा, हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत असते. अशा ठिकाणी पार्सरने अंदाज करू नये असे माझे मत आहे. जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शनमध्ये यादीच्या घटकांचा प्रकार सांगितलेला नसेल तर सूचना दिली जाते आणि ते फंक्शन बाइंडिंगसाठी वर्ज्य म्हणून नोंदवले जाते. वापरणारा नाराज होतो, विचारतो, आणि कोणीतरी अ‍ॅनोटेशन लिहिते. चुकीचा अंदाज केला असता तर तो नाराज झाला नसता. त्याचा प्रोग्रॅम कधीतरी, कुठेतरी कोसळला असता. ‘कॉन्स्ट’वर विसंबून मालकी ठरवली त्या प्रत्येक जागेचीही वेगळी यादी मागितल्यावर छापता यावी, अशी सोय पार्सरमध्ये जरूर करावी. लायब्ररीच्या लेखकाने ती यादी एकदा शांतपणे वाचली तर असे दोष वापरणाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच सापडतील.

प्रश्न : आमचा स्कॅनर गेली कित्येक वर्षे हात न लावता चालत होता. नव्या यंत्रावर तो सुरूच होत नाही. डिस्टयूटिल्स सापडत नाही असे म्हणतो. पार्सर बिघडला का?

उत्तर : पार्सर बिघडलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स हे पॅकेज बिल्ड करण्याचे मॉड्यूल काढून टाकले गेले, आणि स्थानिक कंपायलर शोधण्यासाठी व चालवण्यासाठी अनेक स्कॅनर त्याचाच आधार घेत असत. सेटअपटूल्स हे पॅकेज बसवले की त्यातली प्रत वापरली जाते आणि काम चालू होते. पुढे मात्र कंपायलर बोलावण्याचा तेवढा भाग स्वतः लिहून घ्यावा; तो फार मोठा नसतो.

प्रश्न : आमच्या एका फंक्शनमधून कधीकधी शून्य पॉइंटर परत येतो, पण कमेंटमध्ये ‘नलेबल’ (इथे शून्य येऊ शकतो) लिहायचे राहून गेले होते. मी ते लिहिले, मेटाडेटा नव्याने काढला, आणि रस्टमधून लायब्ररी वापरणाऱ्या दोन प्रकल्पांचे बिल्ड मोडले. सी कोडमध्ये काहीच बदलले नसताना हा बदल मोडतोड करणारा कसा?

उत्तर : कारण त्या प्रकल्पांच्या दृष्टीने मेटाडेटा हाच तुमचा इंटरफेस आहे, तुमचे हेडर त्यांनी कधी पाहिलेलेच नाही. परतीचे मूल्य नलेबल नसेल तर रस्टमध्ये थेट वस्तूचा प्रकार तयार होतो, आणि ते नलेबल असेल तर ‘ऑप्शन’मध्ये गुंडाळलेला प्रकार येतो. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पायथनमध्ये हाच बदल कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण शून्य पॉइंटर आला तर तिथे ‘नन’ मिळतच होते. एकच अ‍ॅनोटेशन एका भाषेत निरुपद्रवी आणि दुसऱ्या भाषेत बिल्ड मोडणारे ठरते. म्हणून आपण वापरतो त्या एकाच भाषेत तपासून समाधान मानू नये.

तुमची दुरुस्ती बरोबर होती आणि ती मागे घेऊ नये. तोपर्यंत रस्टमधले बाइंडिंग ‘इथे शून्य कधीच येणार नाही’ हे गृहीत धरून चालले होते, आणि ते गृहीतक खोटे होते. मोडलेले बिल्ड हे कोसळलेल्या प्रोग्रॅमपेक्षा कितीतरी बरे. फक्त असा बदल किरकोळ आवृत्तीत चुपचाप जाऊ देऊ नये. बदलांच्या नोंदीत ‘मेटाडेटा’ असा स्वतंत्र परिच्छेद ठेवावा आणि त्यात फंक्शनचे नाव, आधीची नोंद व नवी नोंद द्यावी. उलट दिशेचा बदल, म्हणजे नलेबल काढून टाकणे, मात्र फार विचार करून करावा. कोडमधली प्रत्येक वाट तपासल्याशिवाय, मेमरी संपल्यावर किंवा वस्तू अर्धवट तयार असताना काय परत येते हे पाहिल्याशिवाय, ‘इथे शून्य येत नाही’ असे लिहून देऊ नये. तसे लिहिले की ज्याने सीचा कोड कधी वाचलेला नाही असा माणूस तपासणी न करता पुढे जातो, आणि तुमच्या शब्दावरच जातो.

प्रश्न : आम्ही वेगळ्या प्रोसेसरसाठी क्रॉस-कंपाइल करतो. हेडर तर मजकूर आहे, तो कोणत्याही यंत्रावर वाचता यावा. तरी स्कॅनर एक प्रोग्रॅम चालवू पाहतो आणि तिथेच सगळे थांबते. दुसऱ्या यंत्रावर काढलेली एक्सएमएल फाइल आमच्या गिटमध्ये ठेवली तर चालेल का?

उत्तर : हेडर मजकूर आहे हे खरे, पण हवी ती सगळी माहिती हेडरमध्ये नसते. जीऑब्जेक्टमधील प्रॉपर्टी आणि सिग्नल हे घोषणेतून जाहीर होत नाहीत. क्लास तयार होताना चालणाऱ्या कोडमधून, रनटाइमला, त्यांची नोंदणी होते. म्हणून स्कॅनर एक छोटा प्रोग्रॅम लिहितो, तुमच्या लायब्ररीशी जोडतो, प्रकार नोंदवणारी प्रत्येक फंक्शने त्यातून बोलावतो आणि मिळालेले वर्णन उतरवून घेतो. तो प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोसेसरचा असल्यामुळे बिल्ड करणाऱ्या यंत्रावर चालत नाही. क्यूईएमयू या एम्युलेटरमधून तो चालवणे ही रुळलेली वाट आहे; ती संथ आहे, पण बरोबर उत्तर देते.

फाइल गिटमध्ये ठेवण्याला माझी हरकत नाही. जीटीके या ग्राफिकल लायब्ररीची रस्ट बाइंडिंग सांभाळणारे जीटीके-आरएसचे लोक जीआयआर फाइली एका स्वतंत्र रिपॉझिटरीत ठेवतात आणि त्यांवरूनच रस्टचा कोड निर्माण करतात. त्यामुळे कोणता बदल कधी आला ते फरक पाहून कळते. तुम्ही ठेवणार असाल तर दोन गोष्टी पाळा. पहिली, ज्या यंत्रावर फाइल काढली तिथल्या मूलभूत प्रकारांची रुंदी तुमच्या प्रोसेसरशी जुळते का ते पाहा. ६४ बिटी लिनक्सवर ‘लाँग’ आठ बाइटचा असतो आणि ३२ बिटीवर चार बाइटचा, तेव्हा त्यावरून काढलेला एखादा स्थिरांक गुपचूप वेगळा निघू शकतो. दुसरी, टायपलिब कधीही गिटमध्ये ठेवू नका. ती बायनरी फाइल थेट मेमरीत मॅप करून वाचली जाते आणि रचनांमधील घटकांची अंतरे तिच्यात आधीच मोजून लिहिलेली असतात; एक्सएमएलवरून ती त्या त्या प्रोसेसरसाठी प्रत्येक बिल्डमध्ये नव्याने बनवावी. शिवाय साध्या यंत्रावरच्या स्वयंचलित तपासणीत एक्सएमएल दर वेळी नव्याने काढून गिटमधल्या प्रतीशी ताडून पाहण्याची पायरी घाला, आणि फरक निघाला तर बिल्ड नापास करा. नाहीतर कोणीतरी नवी प्रॉपर्टी जोडेल, गिटमधली फाइल जुनीच राहील, आणि पायथनमध्ये ती प्रॉपर्टी का दिसत नाही हे शोधण्यात कोणाचा तरी दिवस जाईल.